हरणांच्या कवट्या कापणारी करवत

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर आधी तुमच्या बोटांना गंज लागेल. मी एक जुनी हातकरवत आहे. मधोमध वाकले आहे, माझे चार दात पडले आहेत आणि मुठीचा एक स्क्रू निसटला आहे. सौदी अरेबियातल्या अल-खोबर शहरात, एका बंगल्याच्या मागच्या कोठीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे मी पडून असते. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते. तिच्यात कोणी राक्षस नाही. मुलीला शाळेत सोडणारी, चहा विचारणारी साधी माणसे आहेत, आणि त्यांच्याच हातून जे घडले ते मी सांगणार आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. पोलादाचा पत्रा कापून माझे पाते तयार केले. मग यंत्राने माझे बारीक दात पाडले आणि एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे त्यांना किंचित मुरडले. तिथून मी रत्नागिरीच्या एका दुकानात आले आणि खिळ्यांच्या पुड्यांशेजारी वर्षभर टांगून राहिले. एक दिवस हारून सोलकर नावाचा सुतार आला. त्याने मला दोन्ही हातांनी वाकवले, सोडले, पात्यावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकले. दुकानदाराला म्हणाला, "ही द्या."

हारून जैतापूरच्या खाडीकाठचा होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधायचे काम चाले. त्याने माझी प्लास्टिकची मूठ काढून टाकली आणि शिवणीच्या लाकडाची नवी मूठ घडवली, त्याच्या तळहाताच्या मापाची. त्यानंतर मी पाच-सहा होड्यांच्या फळ्या कापल्या. कोवळ्या लाकडात शिरताना माझा एक बारीक सूर लागायचा. हारूनची बायको मैमुना अंगणातून म्हणायची, "आज लाकूड चांगलं दिसतं. करवत गाते आहे." त्यांची मुलगी सुहाना तेव्हा लहान होती. ती माझ्याखाली पडलेला भुसा गोळा करून बाहुलीसाठी त्याची गादी करायची.

पुढे खाडीत फायबरच्या होड्या आल्या. लाकडी होडी कोणी बांधायला सांगेना. तेव्हा हारूनने सौदीची वाट धरली. त्याने मला सुती लुंगीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवले. दम्मामच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मला बाहेर काढून विचारले तेव्हा हारून हिंदीत म्हणाला, "कारपेंटर हूं, यही मेरा हाथ है." अधिकाऱ्याने हसून मला परत बॅगेत टाकले.

अल-खोबरमधल्या एका कंपनीच्या देखभाल विभागात त्याला काम मिळाले. कंपनीच्या अधिकाऱ्यांचे बंगले होते. त्यांची दारे, कपाटे, फडताळे दुरुस्त करायची. कामगारांच्या कॅम्पात महाडचा यासीन नावाचा रंगारी त्याच्या खोलीत होता. दर गुरुवारी संध्याकाळी हारून खाटेवर बसून तिकोनी कानशीने माझे दात एकेक करून घासायचा आणि मग खोबरेल तेलाचे फडके फिरवायचा. समुद्राकाठची दमट हवा, एक आठवडा चुकला तरी पात्यावर तांबूस ठिपके दिसत. हारूनचा आठवडा कधी चुकला नाही. अशी आठ वर्षे गेली.

त्या विभागाचे मुख्य होते शिरीष गायधनी. नाशिकचे इंजिनिअर. मराठी बोलणारा साहेब मिळाला म्हणून हारून सुरुवातीला फार खूश होता. साहेबांच्या बंगल्यात त्याने स्वयंपाकघराची फडताळे केली. त्यांची मुलगी तन्वी हिच्यासाठी अभ्यासाचे टेबल केले, तिच्या उंचीला बेताचे. साहेबांची पत्नी सुनेत्रा त्याला चहाबरोबर पोह्यांची बशी द्यायची. तन्वी टेबलाच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवत म्हणाली होती, "अंकल, इट्स सो स्मूथ." तो माझा आणि रंध्याचा मिळून मान होता. मला अजून आठवतो.

मग एका हिवाळ्यात साहेबांना शिकारीचे आमंत्रण आले.

कंपनीला गाड्या भाड्याने देणारा हाशम नावाचा एक व्यापारी होता. शहराबाहेर दोन तासांवर त्याचे मोठे शेत होते. शेत म्हणजे खजुराची थोडी झाडे आणि बाकी कुंपण घातलेली वाळू. त्या कुंपणात त्याने हरणे पाळली होती. थंडीच्या दिवसांत तो पाहुण्यांना बोलवायचा, जीपमध्ये बसवायचा आणि हातात बंदूक द्यायचा. हरणे पळायची, पण कुंपणापर्यंतच. हे सारे कायद्यात बसते का, हे कोणी विचारले नाही. साहेबांनी आयुष्यात झुरळही चपलेने मारले नव्हते, सुनेत्राला हाक मारायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नर पाडला आणि त्याचे डोके थर्माकोलच्या पेटीत, बर्फात घालून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. त्यांनी हारूनला फोन केला. "हारूनभाई, तुमची ती बारीक दातांची करवत घेऊन या. एक छोटंसं काम आहे."

बंगल्याच्या मागच्या फरसबंदी अंगणात ती पेटी उघडून ठेवली होती. बर्फ वितळून पाणी लाल झाले होते. हारून ईदला स्वतः कुर्बानी करायचा, रक्ताचे त्याला काही वाटत नसे. तरी तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, बाकीचं?"

"बाकीचं म्हणजे?"

"धड. मांस कुणी खाल्लं?"

"हाशमच्या माणसांनी नेलं असेल. मला शिंगं हवी आहेत, भिंतीवर लावायला. मी सगळे व्हिडिओ पाहिलेत. तुम्ही फक्त मी सांगतो तसं करा."

साहेबांनी सुनेत्राचा सगळ्यात मोठा टोप बाहेर आणला. त्यात चाळीस माणसांची खिचडी व्हायची. हारूनने सुरीने कातडी सोडवली, जीभ काढली, डोळे काढले. मग टोपात पाणी, धुण्याचा सोडा आणि भांडी घासायचा साबण घालून ते डोके गॅसच्या शेगडीवर चढवले. साहेबांना घाई होती. त्यांनी आच मोठी केली आणि आत क्रिकेट पाहायला गेले. दोन तासांनी झाकण काढले तेव्हा दात सुटून तळाशी बसले होते आणि नाकाची नाजूक हाडे फाकली होती.

"आच कमी ठेवायला सांगितलं नव्हतं का मी?" साहेब म्हणाले.

त्यांनी सांगितले नव्हते.

बराच वेळ मोबाइल पाहून साहेबांनी तोड काढली. खालचा अर्धा भाग कापून टाकायचा. शिंगे, कपाळ आणि डोळ्यांच्या खोबणींचा वरचा काठ एवढेच ठेवायचे. म्हणजे बिघडलेले दिसणार नाही, आणि कवटी फळीवर सपाट बसेल. त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. डोक्याच्या मागून निघून दोन्ही डोळ्यांच्या खोबणींमधून नाकापर्यंत. हारूनने कवटी फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरली आणि मला त्या रेघेवर टेकवले.

मित्रांनो, लाकूड कापताना भुसा पडतो. तो हलका असतो, त्याला झाडाचा वास असतो. हाडाचे तसे नसते. ओल्या पिठासारखा लगदा माझ्या दातांमध्ये भरत गेला. नखे जाळल्यासारखा वास सुटला. गाणे वगैरे काही नाही, मी करकरत राहिले. डोळ्यांच्या खोबणीत शिरले तेव्हा एकदम आधार सुटला आणि मी पोकळीत घसरले. हारूनने हात आवरला, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केले. कापून झाल्यावर खालचा भाग त्याने काळ्या पिशवीत भरला. भिंतीवर तीन मांजरे केव्हाची वाट पाहत बसली होती.

त्याने सागाच्या तुकड्याची ढालीच्या आकाराची फळी केली आणि तिच्यावर ते शिंगांचे कपाळ बसवले. दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर ते लागले. पुढच्या आठवड्यात साहेबांकडे जेवण होते. त्या दिवशी हारून न्हाणीघराच्या दाराचे काम अर्धे टाकून गेला होता, म्हणून हत्यारांची पेटी आतच राहिली होती. मी पाहुण्यांचे बोलणे ऐकले.

"हे तुम्ही स्वतः केलंत?" कोणीतरी विचारले.

"घरीच. थोडा धीर लागतो, बाकी काही नाही," साहेब म्हणाले.

पाहुण्यांमध्ये विजय कारखानीस होते, कंपनीचे महाव्यवस्थापक. ते कवटीखाली उभे राहून म्हणाले, "शिरीष, माझ्यासाठी एक व्हायला हवं असं."

त्या वाक्यानंतर साहेबांचे शुक्रवार बदलले.

डिसेंबरभर डोकी येत राहिली. पहिली दोन-तीन हात बसवायला गेली, मग गायधनी साहेबांचे ज्यांच्या ज्यांच्याशी काम असे त्या अधिकाऱ्यांना भेट म्हणून एकेक. मी सात कवट्या कापल्या. हारून सुतार होता, त्याला काम वाईट करता येत नसे. तो शिकत गेला. पाणी उकळू द्यायचे नाही, नुसते मंद आचेवर ठेवायचे. मानेच्या भोकातून तारेचा आकडा आणि पाण्याची नळी घालून मेंदू धुऊन काढायचा. हरणाच्या शिंगावरचे आवरण गरम पाण्यात सैल होते, ते टोपीसारखे उपसून आतला गाभा साफ करायचा, वाळवायचा आणि आवरण पुन्हा चिकटवायचे. केस रंगवणाऱ्यांच्या दुकानातले पेरॉक्साइड कापसावर घेऊन हाडाला लपेटायचे, म्हणजे एका दिवसात ते पांढरे शुभ्र निघते. साहेब खुर्ची टाकून बसायचे आणि आपल्या मोबाइलवर या सगळ्याचे चित्रण करायचे. हारूनचे हात त्यात दिसत, तोंड दिसत नसे.

हारून हे का करत होता? सांगते. सुहानाचा निकाह ठरला होता, जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी. हारूनने ऑक्टोबरमध्येच रजेचा अर्ज दिला होता. त्या अर्जावर गायधनी साहेबांची सही हवी होती. त्याने पहिल्यांदा आठवण केली तेव्हा साहेब म्हणाले, "करतो की. एवढं एक होऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "या दोन झाल्या की लगेच." त्यांनी धमकी कधीच दिली नाही. आवाज चढवला नाही. फक्त 'हारूनभाई'चे 'हारून' झाले, आणि 'तुम्ही'चे 'तू'.

कॅम्पात मैमुनाचा फोन यायचा. "तुमी येताव ना? मांडववाला विचारतोय, व्याह्यांना काय सांगू?"

"येतो. सही झाली की तिकीट काढतो."

"अजून सही नाय?"

"होतेय. साहेब आपलाच माणूस आहे."

फोन ठेवल्यावर तो माझे दात घासायला बसायचा. हाडाने माझी धार लवकर जायची. यासीन नाक दाबून म्हणायचा, "हारूनमियाँ, ही करवत खोलीबाहेर ठेव बाबा. हिला कसला वास येतो." खोबरेल तेलानेही तो वास गेला नाही.

आता मी त्या शुक्रवारचे सांगते. जानेवारीचा पहिला शुक्रवार होता, निकाहाला बरोबर एक आठवडा राहिला होता. विजय कारखानीस दुपारी साहेबांकडे जेवायला येणार होते आणि त्यांच्यासाठीचे डोके त्यांच्यासमोरच तयार करायला घ्यायचे ठरले होते. साहेब पहाटे हाशमच्या शेतावर गेले. परत आले ते हाशमच्या पिकअप गाडीतून. ह्या वेळी पेटी नव्हती. ताडपत्रीखाली अख्खे हरीण होते. ड्रायव्हरने आणि हारूनने ते उचलून मागच्या अंगणात, सावलीत ठेवले. ड्रायव्हर "यल्ला" म्हणून निघून गेला. मी अंगणातल्या टेबलावर होते, सुरीच्या शेजारी.

तन्वी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेच आधी पाहिले.

"पप्पा," ती म्हणाली, "इट्स ब्लिंकिंग."

खरेच, त्याच्या पापण्या हलत होत्या. गोळी पाठीच्या कण्यात बसली होती. मागचे पाय आणि कंबर मेलेली होती. दोन तास ताडपत्रीखाली, गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर ते तसेच आले होते. आता सावली लागली तशी त्याने मान उचलली. पुढचे पाय फरशीवर टेकवून उठायचा प्रयत्न केला. खूर घसरले, हनुवटी आपटली. त्याने पुन्हा मान उचलली. त्याने आवाज काढला नाही. फक्त नाकपुड्या फुगत होत्या आणि फरशीवर श्वासाचा ओला डाग पडत होता.

हारूनने सुरी उचलली. "साहेब, यात जीव आहे. हलाल करून टाकतो लगेच."

"थांब."

"त्याला तडफडत ठेवणं बरं नाही."

"अरे, विजय सर पोचतच आहेत. समुद्राकाठच्या कॉर्निश रोडच्या सिग्नलला आहेत. त्यांना जिवंत बघायला मिळेल, असं कुठे मिळतं? पाचच मिनिटं."

"साहेब."

"हारून, तुझा अर्ज गाडीतच आहे माझ्या. सर गेले की सही करतो आणि सोमवारी ऑफिसला देतो. थांब म्हटलं ना."

हारून थांबला. सुरी त्याच्या हातात होती, तो हरणापासून दोन पावलांवर होता, आणि तो थांबला. पाच मिनिटांनी विजय साहेबांचा फोन आला, रस्ता चुकला होता. गायधनी साहेब त्यांना रस्ता सांगत अंगणात फेऱ्या मारू लागले. हरीण त्यांच्या बुटांकडे पाहत होते. सुनेत्रा बाहेर आली, तिने पाहिले आणि तन्वीला आत ओढून नेले. जाताना एवढेच म्हणाली, "शिरीष, संपवा ते." त्यांनी हात वर करून तिला गप्प केले, कारण फोन चालू होता. माश्या जमल्या. हरणाला शेपटी हलवता येत नव्हती. हारूनने एकदा टोपात पाणी घेऊन त्याच्या तोंडापुढे धरले. ते प्यायले नाही. पाण्यात तोंड बुडवून तसेच राहिले, म्हणून त्याने टोप बाजूला केला.

वीस मिनिटे गेली. मग विजय साहेब आले. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा डबा. ते हरणाजवळ वाकले आणि दचकून मागे झाले.

"अरे, याला अजून जीव आहे."

"तुमच्यासाठी थांबवलाय, सर," गायधनी साहेब म्हणाले.

ते हसले. मग दोघांनी एकेक शिंग धरले, मान वर खेचली आणि हारूनला मोबाइल दिला. त्याने डाव्या हाताने फोटो काढला, उजव्या हातात सुरी होती. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा काढायला लावला. दुसऱ्यात हरणाचे डोळे मिटलेले आले म्हणून तिसरा. मग ते दोघे हात धुऊन आत गेले. जेवण गार होत होते. दाराशी वळून साहेब म्हणाले, "आता उरक."

हारून गुडघ्यांवर बसला. त्याने हरणाचे तोंड पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेने वळवले, अल्लाचे नाव घेतले आणि एकदाच सुरी फिरवली. तेवढेच काम होते. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ लागला. नंतर तो फरशीवर बसून राहिला. आतून ताटांचा आवाज येत होता.

पुढच्या दोन दिवसांत त्याने त्या डोक्याचे सगळे संस्कार केले आणि रविवारी मला हातात घेतले. मला वाटले होते, आज त्याचा हात थरथरेल. थरथरला नाही. पेन्सिलीच्या रेघेवरून मी एकदाही न अडखळता गेले. इतका स्वच्छ, सरळ काप मी आयुष्यात कधी केला नव्हता, होडीच्या फळीलासुद्धा नाही. मित्रांनो, हे सांगताना मला लाज वाटते. पण खोटे कशाला सांगू? त्या दिवशी मी फार उत्तम काम केले.

सोमवारी सही झाली नाही. विजय साहेबांनी खूश होऊन गायधनी साहेबांना आपल्याबरोबर बहरीनला नेले, तीन दिवस. हारूनने फोन केले, ते उचलले गेले नाहीत. गुरुवारी साहेब परतले. हारून अंगणात उभाच होता. साहेबांनी गाडीचा कप्पा उघडला. कागदी रुमालांच्या पाकिटाखाली अर्ज होता, दुमडलेला.

"विसरलोच रे," ते म्हणाले, आणि खरेच विसरले होते. बॉनेटवर ठेवून त्यांनी लगेच सही केली. "जा आता. पाहिजे तर दोन दिवस जास्त घे."

निकाह दुसऱ्या दिवशी होता. कार्यालय बंद झाले होते. रजेचा कागद रविवारशिवाय पुढे सरकणार नव्हता.

शुक्रवारी दुपारी कॅम्पातल्या खोलीत हारून नवा सदरा घालून खाटेवर बसला. मोबाइल त्याने हत्यारांच्या पेटीला टेकवून उभा केला होता. पेटीचे झाकण उघडे होते, म्हणून मला दिसत होते. त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ यूनुस सुहानाच्या शेजारी बसला होता. चित्र मध्येच अडकायचे. सुहानाने हिरवी ओढणी घेतली होती. ती पडद्याकडे वाकून म्हणाली, "अब्बा, आवाज येतो का?"

"येतो, बेटा."

"मला तुमचा येत नाय. अब्बा? ऐकू येतंय का?"

"येतंय. ऐकतोय मी."

"अब्बा, तुमचा आवाज येत नाय."

त्याने मान जोरजोरात हलवून दाखवली. तिकडे काजींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा चित्र थांबले, आणि पुन्हा चालू झाले तेव्हा लोक खारका वाटत होते. यासीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हारून म्हणाला, "मी त्याला पाणी पाजलं होतं. ते प्यायलं नाही." यासीनला काही कळले नाही. मला कळले.

तो गावी गेलाच नाही. कशाला जायचे, म्हणाला. पाच आठवड्यांनी साहेबांचा निरोप आला, नवे डोके आले आहे. हारून मला घेऊन गेला. पेटी उघडून त्याने आत पाहिले, झाकण पुन्हा लावले आणि सरळ उभा राहिला.

"मी हे करणार नाही, साहेब."

साहेबांना नवल वाटले. "का रे? आता तर तुझा हात बसलाय."

"बसलाय. म्हणूनच नको."

"माझ्यावर राग आहे का? सही केली की मी."

"रागाचं नाही. मी त्या दिवशी थांबायला नको होतं. तुम्ही थांब म्हणालात आणि मी थांबलो. ते माझ्याकडे बघत होतं, साहेब, तुमच्याकडे नाही. सुरी माझ्या हातात होती."

साहेबांनी पायाने पेटी बाजूला सारली. मग म्हणाले, "ठीक आहे. करवत ठेवून जा. मी बघतो माझं."

मला वाटले, हारून नाही म्हणेल. माझी मूठ त्याच्या तळहाताच्या मापाची होती. पण त्याने मला टेबलावर ठेवले. मुठीवर दोन बोटे टेकवली, उचलली, आणि गेला. त्या महिन्यात त्याची बदली यान्बूला झाली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. बदलीच्या कागदावर सही करायला साहेब विसरले नाहीत.

मग साहेबांनी मला स्वतः धरले. मित्रांनो, करवतीवर जोर द्यायचा नसतो. तिला तिच्या वजनाने जाऊ द्यायचे असते. साहेबांनी दोन्ही हातांनी रेटले. मी हाडात अडकले, त्यांनी मला हिसडले आणि मी मधोमध वाकले. चार दात कवटीतच राहिले. त्यांनी मला कोठीत फेकले आणि ते डोके काळ्या पिशवीत भरून टाकून दिले. शिकारीची हौसही पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकली नाही, त्यांनी सायकल घेतली.

सुनेत्राने तो मोठा टोप माझ्याशेजारी आणून उपडा ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "यात मी आता काही शिजवणार नाही." आणि एकदा कोठीच्या दाराशीच त्यांचे बोलणे ऐकू आले. विजय साहेबांच्या पत्नीने ती कवटी घरात येऊच दिली नव्हती. हॉलमध्ये मेल्या जनावराचे हाड नको, म्हणाल्या होत्या. काही दिवस ती कार्यालयात फायलींच्या कपाटावर होती. साफसफाईत कचऱ्याच्या मोठ्या पेटीत गेली.

"म्हणजे कुणालाच नको होती," सुनेत्रा म्हणाली.

साहेबांनी विचारले, "सायकलचा पंप कुठे आहे?"

मित्रांनो, हत्यार कोरडे ठेवा, त्याला तेल लावा, त्याची धार राखा. जुन्या करवतीने एवढे सांगितलेच पाहिजे. पण मला तुमच्याकडे मागायचे आहे ते निराळे. पुढे तुम्ही मोठे व्हाल. तुम्हाला कोणाची तरी सही हवी असेल, आणि तो माणूस चांगल्या शब्दांत तुम्हाला म्हणेल की पाचच मिनिटं थांब. तेव्हा समोर कोण पडले आहे, ते पाहा. हारून भला माणूस होता. त्याने शेवटी 'नाही' म्हटले आणि ते जन्मभर त्याचे राहील. पण ते त्याने सहा आठवड्यांनी म्हटले, एका रिकाम्या अंगणात. त्या शुक्रवारी तो शब्द हवा होता, तेव्हा हारून नुसता उभा राहिला, मी टेबलावर पडून राहिले, आणि ते हरीण वीस मिनिटे आमच्याकडे पाहत होते.